टक्केवारी हा गावाचा सातबारा नव्हे

अमेरिकेतल्या कुठल्याही लहान गावाची माहिती शोधली, की लोकसंख्येच्या आकड्यापाठोपाठ एक ओळ हमखास येते: गोरे इतके टक्के, कृष्णवर्णीय इतके, आशियाई इतके, मूळनिवासी इतके आणि कोणत्याही वंशाचे हिस्पॅनिक (स्पॅनिश वारशाचे) इतके. ही ओळ जनगणनेतून येते आणि आपल्या मर्यादेत ती खरीही असते. दहा वर्षांतून एकदा, १ एप्रिल या दिवशी त्या गावात राहणाऱ्यांची नोंद कोणकोणत्या रकान्यात झाली, एवढेच ती सांगते. परंतु अमेरिकेच्या राजकारणात या ओळीकडून भलतेच काम करून घेतले जात आहे. गाव कोणाचे, मूळचे कोण, उपरे कोण, आणि कोणामुळे गाव बदलले, या प्रश्नांची उत्तरे तिच्यातून काढली जातात. माझे म्हणणे असे, की टक्केवारी हा गावाचा सातबारा नव्हे. तिच्यावरून कोणाची मालकी सिद्ध होत नाही. गावाची वांशिक घडण आपोआप होत नसते. कायदे, मजुरीचे दर आणि कारखानदारांचे निर्णय ती घडवतात, आणि टक्केवारीच्या रकान्यांत नेमके हे घडवणारेच कुठे दिसत नाहीत.

हे सांगण्यासाठी मी आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातले पोस्टव्हिल हे गाव निवडतो आहे. २००० सालच्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या २,२७३ होती आणि २०१० साली २,२२७. दहा वर्षांत ४६ माणसे कमी झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहणाऱ्याला वाटेल, की मक्याच्या शेतांमधले हे एक स्वस्थ गाव आहे आणि तिथे दहा वर्षांत विशेष काही घडले नाही. प्रत्यक्षात या दोन गणनांच्या मध्ये, १२ मे २००८ रोजी, कागदपत्रांविना काम करणाऱ्या स्थलांतरितांना पकडण्यासाठी अमेरिकेच्या इतिहासात तोवर कामाच्या एकाच ठिकाणी पडलेल्या सर्वांत मोठ्या छाप्यांपैकी एक छापा याच गावात पडला होता. सकाळी दहाच्या सुमारास गावावर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागले, शेकडो हत्यारबंद अधिकाऱ्यांनी ॲग्रीप्रोसेसर्स या मांस कारखान्याला वेढा घातला आणि ३८९ कामगारांना पकडले. गावातल्या दर सहा माणसांमागे साधारण एक, असा हा हिशेब होतो. त्यांपैकी २९० ग्वातेमालाचे होते, ९३ मेक्सिकोचे, चार युक्रेनचे आणि दोन इस्राएलचे.

पुढे जे झाले ते जवळून पाहण्यासारखे आहे. पकडलेल्या माणसांना सुमारे १२० किलोमीटरवरच्या वॉटर्लू या शहरात नेले आणि जिथे एरवी गुराढोरांची प्रदर्शने भरतात त्या मैदानावर ठेवले. तिथल्याच एका नाचघरात तात्पुरते न्यायालय उभे केले होते. हातापायांत बेड्या घातलेल्या कामगारांना दहादहाच्या गटाने न्यायाधीशांपुढे आणले जाई. त्यांच्यापुढे पर्याय ठेवला तो असा: दुसऱ्याची ओळख चोरल्याच्या गंभीर आरोपाला तोंड द्यायचे, ज्यात किमान दोन वर्षांची शिक्षा ठरलेली आहे, किंवा नोकरीसाठी लागणारा सामाजिक सुरक्षा क्रमांक खोटा वापरल्याचा सौम्य गुन्हा कबूल करून पाच महिने तुरुंगात राहायचे आणि नंतर मुकाट्याने मायदेशी परतायचे. बहुतेकांनी दुसरा पर्याय घेतला. पुढच्याच वर्षी, ४ मे २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या खटल्यात एकमताने निर्णय दिला, की वापरलेला क्रमांक खरोखरच दुसऱ्या कोणा माणसाचा आहे हे आरोपीला ठाऊक असल्याशिवाय तो गंभीर आरोप टिकत नाही. म्हणजे ज्या कलमाची भीती घालून कबुल्या घेतल्या, तेच कलम यांतल्या अनेकांना लागूच पडले नसते. तोवर बहुतेक जण शिक्षा भोगून देशाबाहेर काढले गेले होते. इकडे गावातल्या सेंट ब्रिजिट या कॅथलिक चर्चमध्ये घाबरलेली शेकडो माणसे आश्रयाला आली होती. बाया आणि मुले बाकांवर झोपत होती. लहान मुलांची आई म्हणून काही स्त्रियांना तुरुंगात न ठेवता घरी सोडले, पण घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून. त्यांना काम करता येत नव्हते आणि गाव सोडूनही जाता येत नव्हते.

छाप्यानंतर काही महिन्यांतच कंपनीने दिवाळे काढले. दुकाने बंद पडली, घरे ओस पडली. तरीही २०१० पर्यंत लोकसंख्या जवळपास पूर्ववत झाली, कारण रिकाम्या झालेल्या जागा भरणे भाग होते. नवे मजूर आले, मालक बदलला आणि कारखाना पुन्हा सुरू झाला. पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ या बेटांवरचे लोक आले, कारण त्यांच्या देशाच्या अमेरिकेशी असलेल्या करारामुळे त्यांना इथे कायदेशीरपणे काम करता येते. सोमाली निर्वासित आले, कारण निर्वासित म्हणून त्यांच्याकडेही रीतसर कागद होते. एका सरकारी कारवाईने गावातला एक समाज उखडला आणि कारखान्याच्या गरजेने दुसरे दोन आणून बसवले. दशवार्षिक गणनेला यातले काही दिसले नाही. तिने फक्त ४६ ची घट टिपली.

या गावात ग्वातेमालाचे लोक आले तरी कसे, हा प्रश्न त्याच्याही मागे नेतो. मांस कापण्याचे काम एके काळी शिकागोसारख्या मोठ्या शहरांत चाले. तिथे कामगार संघटना बलवान होत्या आणि मजुरी चांगली होती. १९६० साली आयोवातल्या डेनिसन या गावी आयबीपी ही कंपनी सुरू झाली आणि तिने धंद्याची रीतच पालटली: कत्तलखाना जनावरांजवळ, म्हणजे खेड्यात न्यायचा, एका कुशल खाटकाचे काम साखळीवर उभ्या असलेल्या अनेक मजुरांत वाटायचे, आणि मांस खोक्यांत भरून थेट दुकानांकडे पाठवायचे. १९७१ साली शिकागोचा प्रसिद्ध गुरांचा बाजार बंद झाला. ऐंशीच्या दशकात जुने कारखाने एकामागून एक बंद झाले, नवे संघटनेशिवाय उघडले आणि ज्या कामाला पूर्वी इतर कारखान्यांपेक्षा जास्त मजुरी होती त्याला आता पुष्कळ कमी मिळू लागली. त्याच दशकात शेतीवरच्या कर्जाच्या संकटाने आयोवा पोखरून निघाले. १९८० साली २९ लाखांवर असलेली राज्याची लोकसंख्या १९९० साली २७ लाख ७७ हजारांच्या आसपास आली. तरुण पिढी निघून गेली. नेमक्या याच काळात, १९८७ साली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या, लुबाविच या हसिदी (कर्मठ ज्यू) पंथाच्या एका खाटकाने पोस्टव्हिलचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला आणि तिथे कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे कापलेले, मांस काढायला सुरुवात केली. धर्मशास्त्राप्रमाणे कत्तल करणारे आणि तिच्यावर देखरेख ठेवणारे लोक हवेत, म्हणून रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आणि त्यांची कुटुंबे आली. साखळीवर उभे राहण्यासाठी स्वस्त मजूर हवेत, म्हणून आधी पूर्व युरोपातले, मग मेक्सिकोचे आणि मग ग्वातेमालाचे लोक आले. सोडून गेलेल्यांच्या जागी ते आले होते. कोणाला हुसकावून आले नव्हते. हा क्रम ध्यानात घेतला नाही, तर उरते फक्त तक्रार, की 'त्यांनी' आमचे गाव बदलले.

त्याआधीचे गावही कायमचे गोरे होते असे नाही. १८३० आणि ४० च्या दशकांत या परिसरात हो-चंक या मूळनिवासी जमातीच्या लोकांना सरकारी कराराने आणून वसवले होते. त्यांच्यावर लक्ष ठेवायला आणि त्यांचे रक्षण करायला १८४० साली जवळच अ‍ॅटकिन्सन किल्ला बांधला. १८४८ साली त्याच सरकारने त्यांना मिनेसोटाकडे हाकलले आणि जमीन गोऱ्या वसाहतकारांना खुली झाली. पुढे मोठ्या संख्येने आले ते जर्मन. आज आयोवाची 'मूळची' माणसे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवतात त्यांत जर्मन वंशाचे लोकच सर्वाधिक आहेत. पण २३ मे १९१८ रोजी, पहिल्या महायुद्धाच्या ऐन भरात, याच राज्याचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फतवा काढला होता, की शाळेत, चर्चमध्ये, सार्वजनिक जागी, रेल्वेत, इतकेच काय टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. ज्यांच्या पणजोबांची प्रार्थना बेकायदा ठरली होती त्यांचे वंशज आता स्पॅनिश पाट्या पाहून अस्वस्थ होतात. यात त्यांना हिणवण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा एवढाच, की आज सामान्य वाटणारे 'गोरे' गावपणही कोणा एका काळी दडपशाहीतून, सक्तीतून आणि विसरण्यातून घडलेले आहे.

आता रकान्यांकडे वळू, कारण टक्केवारीचा खरा दोष तिथे आहे. २००५ सालच्या पोस्टव्हिलमध्ये सर्वांत ठळक भेद कोणता होता? काळा कोट, दाढी आणि शनिवारी दिवे न लावणारे हसिदी ज्यू एकीकडे, आणि लुथरन चर्चमध्ये जाणारे, हिरवळ नीट कापलेली नसली तर शेजाऱ्याला बोलून दाखवणारे जर्मन-नॉर्वेजियन वंशाचे शेतकरी दुसरीकडे. जीवनपद्धतीतले हे अंतर गावातल्या प्रत्येकाला रोज जाणवत होते. जनगणनेत मात्र दोघेही एकाच रकान्यात: गोरे. कारखान्यातले अनेक ग्वातेमालन मजूर चिमाल्तेनांगो भागातल्या खेड्यांमधले, माया या मूळनिवासी समाजाचे होते. त्यांची मातृभाषा काक्चिकेल आणि स्पॅनिश अनेकांना जेमतेमच येत होते. वॉटर्लूच्या त्या नाचघरात दुभाषी स्पॅनिशचे होते आणि आपल्यापुढे काय कबूल करायला ठेवले आहे हे कित्येकांना नीट उमगलेच नाही. गणनेच्या लेखी ते 'हिस्पॅनिक', म्हणजे स्पॅनिश वारशाचे; ज्या स्पॅनिशांनी त्यांच्या पूर्वजांना जिंकले त्यांचेच नाव त्यांना चिकटलेले. सोमाली निर्वासित 'कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन अमेरिकन' या रकान्यात गेले, जिथे गुलामगिरीतून आलेल्या घराण्यांचे वंशजही आहेत. पण दोघांच्या इतिहासात, धर्मात आणि भाषेत समान काही नाही. आणि २०२० च्या प्रपत्रात मूळ अमेरिकन या रकान्यापुढे लिहिण्यासाठी जी उदाहरणे दिली होती त्यांत माया हे नाव होते. म्हणजे १८४८ साली ज्या रकान्यातले लोक या भूभागातून काढून लावले, त्याच रकान्यात एखादे काक्चिकेल कुटुंब आज पोस्टव्हिलमध्ये आपले नाव लिहू शकते. असे कोणी लिहिले, तर गावातल्या मूळनिवाशांची टक्केवारी वाढलेली दिसेल, आणि आकडा पाहणाऱ्याला त्याचा अर्थ लागणार नाही.

लहान गावाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मोठ्या शहरात शे-दोनशे माणसे इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी हलत नाही. दोन हजारांच्या गावात चार कुटुंबे आली तरी ती बदलते. शिवाय २०२० च्या गणनेत लोकांची माहिती गुप्त राहावी म्हणून जनगणना विभागाने लहान प्रदेशांच्या आकड्यांत हेतुपुरस्सर थोडे फेरफार मिसळले आहेत. हा निर्णय मला योग्यच वाटतो, कारण गावात पलाऊची दोनच घरे असतील, तर आकड्यावरून घर ओळखता येऊ नये. पण मग असल्या आकड्यावर दशांश चिन्हानंतरच्या अंकापर्यंत विसंबून वाद घालणेही थांबले पाहिजे.

याच आयोवात, पोस्टव्हिलच्या दक्षिणेला, अ‍ॅनामोसा नावाचे दुसरे लहान गाव आहे. तिथे राज्याचा तुरुंग आहे. अमेरिकेच्या जनगणनेचा नियम असा, की कैद्याची गणना तो जिथे कोंडलेला असेल तिथे करायची. २००० च्या गणनेनंतर अ‍ॅनामोसाच्या नगरपालिकेचे चार प्रभाग साधारण समान लोकसंख्येचे केले, तेव्हा दुसऱ्या प्रभागातले सुमारे १,३०० लोक कैदी निघाले आणि मोकळी माणसे साठाच्याही आत. कैद्यांना मताचा अधिकार नाही. २००५ साली त्या प्रभागात कोणी उमेदवारच उभा राहिला नाही आणि एक गृहस्थ मतपत्रिकेवर हाताने लिहिलेल्या दोन मतांवर निवडून आले. आयोवाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय चार टक्क्यांच्या आसपास आहेत, पण राज्याच्या तुरुंगांत ते एक चतुर्थांशाच्या जवळपास. त्यामुळे अ‍ॅनामोसाच्या टक्केवारीत जे कृष्णवर्णीय दिसतात त्यांतले बहुतेक भिंतीआडचे आहेत: त्या गावच्या रस्त्यावर न चाललेले, तिथल्या शाळेत मुले न घातलेले. कागदावर मात्र गाव बहुवांशिक. अ‍ॅनामोसाने नंतर ही प्रभागरचना सोडून दिली, आणि मेरीलँड व न्यूयॉर्क या राज्यांनी २०१० साली कायदे करून मतदारसंघ आखताना कैद्याला त्याच्या घरच्या पत्त्यावर मोजायला सुरुवात केली. संपूर्ण देशाचा नियम अजून तोच आहे आणि तो बदलला पाहिजे.

या रकान्यांचे प्रताप आपल्या लोकांनीही भोगलेले आहेत. १९२० ते १९४० च्या अमेरिकन गणनांत 'हिंदू' हा वंश म्हणून नोंदला जाई, मग माणूस शीख असो वा मुसलमान. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. १९७० च्या गणनेत भारतीयांना गोऱ्यांत मोजले, आणि १९८० साली 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र पर्याय आला, तोही अमेरिकेतल्या भारतीयांनी मागणी लावून धरली म्हणून. साठ वर्षांत तीन वेळा वंश बदलला, माणसे तीच. न्यू जर्सीच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या उपनगरांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी आपल्या वस्तीतली वाढती आशियाई टक्केवारी पाहून जो अभिमान बाळगावा तो बाळगावा, पण ती टक्केवारी १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आणि संगणक कंपन्यांच्या गरजेने घडवलेली आहे, हेही जाणावे. पोस्टव्हिलचा मजूर आणि आपला अभियंता दोघेही मालकाने हाक मारली म्हणून आले. एकाला व्हिसा मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही, एवढ्या एका फरकावर आपण त्या मजुराला परका ठरवणाऱ्यांच्या रांगेत उभे राहू नये, असे मला मनापासून वाटते.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की मग वंश मोजूच नका. फ्रान्स मोजत नाही. मला हे मान्य नाही. न मोजल्याने भेद जात नाही, फक्त त्याचा पुरावा जातो. मतदान हक्क कायद्यात १९७५ साली घातलेल्या तरतुदीप्रमाणे एखाद्या भागात पुरेसे भाषिक अल्पसंख्याक मतदार असतील, तर त्यांच्या भाषेत मतपत्रिका द्यावी लागते. आणि ते पुरेसे आहेत की नाहीत, हे गणनेशिवाय ठरत नाही. शाळेला दुभाषा हवा, दवाखान्याला काक्चिकेल समजणारी परिचारिका हवी, हे आकड्याशिवाय कोणाला पटवून देता येत नाही. अ‍ॅनामोसातला अन्याय उघडकीला आला, तोही आकडे उपलब्ध होते म्हणूनच.

दुसरा आक्षेप गावकऱ्यांचा आहे आणि तो ऐकून घेण्याची तसदी शहरी उदारमतवादी फारशी घेत नाहीत. ते म्हणतात: आम्हाला कोणी विचारले? कारखान्याला हजारो मजूर हवेत म्हणून एका वर्षात शाळेतली भाषा बदलते, भाडी वाढतात, पोलिसांवर ताण येतो, आणि नफा दुसरीकडे जातो. ही तक्रार खरी आहे. पोस्टव्हिलचा कारखाना तर गावाच्या हद्दीबाहेर होता. ती जमीन हद्दीत घ्यायची की नाही यावर १९९७ साली गावाला मतदान घ्यावे लागले, कारण रस्ते आणि पाणी गावाचे वापरायचे आणि कराला हद्दीबाहेर राहायचे, ही सोय लोकांना सलत होती. माझा विरोध तक्रारीला नाही. ती ज्या दाराशी नेऊन टाकली जाते त्याला आहे. आयोवाच्या वायव्य भागातून अमेरिकेच्या संसदेवर निवडून आलेल्या एका सदस्याने २०१७ साली जाहीरपणे लिहिले, की दुसऱ्यांच्या मुलांनी आपली संस्कृती पुन्हा उभी राहू शकत नाही. त्याच्याच मतदारसंघात स्टॉर्म लेक हे गाव होते, जिथले मांस कारखाने याच 'दुसऱ्यांच्या' आईबापांच्या हातांवर चालतात. मजुरी पाडणाऱ्या कारखान्यांविषयी त्याचा आवाज कधी एवढा चढला नाही. पोस्टव्हिलमध्येही तेच झाले. मजुरांना पाच महिन्यांचा तुरुंग आणि हद्दपारी मिळाली. काही मुकादम आणि कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली, पण कारखान्याच्या प्रमुखावरचे स्थलांतर कायद्याखालचे आरोप सरकारने मागे घेतले. त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली ती बँकेला फसवल्याबद्दल. ती २०१७ अखेर राष्ट्राध्यक्षांनी कमी केली. अल्पवयीन मुले कामावर ठेवल्याच्या खटल्यातून तो निर्दोष सुटला. न्यायालयाचे निकाल मानावे लागतात आणि मी ते मानतो. पण ज्या व्यवस्थेत कागद नसलेला मजूर हाच सर्वांत सोईचा मजूर ठरतो, कारण तो तक्रार करू शकत नाही, त्या व्यवस्थेवर खटला कधी चाललाच नाही.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने वंशाचे रकाने पुन्हा बदलले. हिस्पॅनिक हा वेगळा प्रश्न न राहता एकाच यादीत आला, मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेच्या लोकांना गोऱ्यांपासून वेगळा रकाना मिळाला, आणि २०३० ची गणना या नव्या यादीने करायचे तेव्हा ठरले. तसे झाले, तर पोस्टव्हिलची टक्केवारी पुन्हा बदलेल, एकही माणूस न हलता. इस्राएलहून आलेले एखादे कुटुंब तेव्हा गोऱ्यांत न राहता कदाचित नव्या रकान्यात जाईल. तेव्हा पुन्हा कोणीतरी जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करून गाव 'हातचे गेले' म्हणेल. त्याआधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. रकाने बदलल्यामुळे झालेला फरक कोणता आणि माणसे आल्या-गेल्याने झालेला कोणता, हे जनगणना विभागाने प्रत्येक लहान गावासाठी वेगळे मांडावे. आणि ज्या गावात एकच मोठा कारखाना लोकसंख्या ठरवतो, तिथे राज्याच्या कामगार खात्याने त्या कारखान्यातली मजुरी, अपघात आणि सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण दरवर्षी प्रसिद्ध करावे, म्हणजे गावकऱ्यांना शेजारच्या घराकडे पाहून कुढत बसावे लागणार नाही आणि नगरपालिकेच्या सभेत कोणाला प्रश्न विचारायचा, हे त्यांना कळेल.